कासिस्की ते शोर: संकेत फोडणाऱ्यांचं एकच गणित

क्वांटम संगणक ‘सगळी उत्तरं एकदम तपासतो’ असं सांगून लोक मोकळे होतात. त्यानं काहीच कळत नाही, मंडळी. त्यापेक्षा आपण १८६३ सालात जाऊ.

त्या काळी व्हिजेनेर पद्धत अभेद्य मानली जाई. मजकुराखाली एक किल्लीशब्द पुन्हा पुन्हा लिहायचा आणि त्यानुसार प्रत्येक अक्षर पुढे सरकवायचं. फ्रीडरिश कासिस्की या प्रशियाच्या निवृत्त लष्करी अधिकाऱ्यानं नेमकं तेच ‘पुन्हा पुन्हा’ पकडलं. एखादा शब्द दोनदा किल्लीच्या त्याच अक्षरांवर आला, तर संकेतातही तोच अक्षरगट दोनदा उमटतो. अशा गटांमधली अंतरं मोजा, त्यांचे अवयव पाडा, किल्लीची लांबी हाती येते.

आता थेट १९७७. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांची आरएसए पद्धत आली. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार जाहीर करायचा, त्या संख्या मात्र झाकून ठेवायच्या. गुणाकार सोपा, उलट अवयव पाडणं महाकठीण. इथं किल्लीशब्दच नाही, मग आवर्तन संपलं का? नाही, ते आत दडलंय. वही घ्या, करून बघू.

संख्या १५. ७ चे घात काढत जा आणि १५ नं भागून बाकी लिहा: ७, ४, १३, १, पुन्हा ७, ४, १३, १. आवर्तन चाराचं. म्हणजे ७⁴ − १ ला १५ नं भाग जातो, आणि शाळेतल्या सूत्रानं त्याचे (७² − १)(७² + १) असे दोन तुकडे पडतात. ४८ आणि ५०. या दोघांचा १५ शी मसावि काढा: ३ आणि ५. फुटलं की कुलूप! (कधीकधी आवर्तन विषम निघतं किंवा तुकडे उपयोगी पडत नाहीत, मग ७ च्या जागी दुसरी संख्या घ्यायची.)

शेकडो अंकी संख्येत मात्र आवर्तन इतकं लांब असतं, की साधा संगणक मोजत बसला तर युगं जातील. १९९४ मध्ये बेल लॅब्जमधल्या पीटर शोर यांनी इथं वाट काढली. क्युबिट अनेक घात एकत्र धरतात खरे, पण बघायला गेलं की एकच उत्तर हाती लागतं, तेही नशिबावर. म्हणून शोर घातांना हातच लावत नाहीत, आवर्तन तेवढं ऐकतात. त्याच्याशी न जुळणाऱ्या लहरी एकमेकींना मारतात, जुळणाऱ्या वाढतात. ठेका ऐकताना आपण प्रत्येक बोल मोजत नाही, तरी सम कळते ना? साधारण तसंच.

२००१ साली आयबीएमच्या संशोधकांनी सात क्युबिट वापरून या रीतीनं अवयव पाडले. कशाचे? १५ चे! हसू येतं खरं. पण आज कुणी टिपून ठेवलेला संदेश मोठं यंत्र आल्यावरही उघडता येईल, आणि रुग्णाची कागदपत्रं किंवा सरकारी खलिते वीस-तीस वर्षं गुप्त राहावे लागतात. म्हणून यंत्राची वाट न बघता अमेरिकेच्या मानक संस्थेनं ऑगस्ट २०२४ मध्ये नवी तीन मानकं जाहीर केली. त्यांतल्या एकाचीही भिस्त अवयवांवर नाही.