फॉरेस्टल : प्लग जोडलेला, पिन निघालेली

आगीच्या महिनाभर आधी

अमेरिकेची विमानवाहू नौका फॉरेस्टल व्हिएतनाम युद्धासाठी निघाली होती. नौदलाचा नियम स्पष्ट होता. झुनी रॉकेटांच्या नळकांड्याची वायर, म्हणजे ‘पिगटेल’, विमान कॅटापल्टवर चढल्यावर आणि नाक समुद्राकडे झाल्यावरच विमानाच्या वीजमार्गाला जोडायची. त्यात वेळ जाई आणि उड्डाणं रखडत. जहाजावरच्या शस्त्रास्त्र समितीने तोड काढली : वायर विमानं रांगेत उभी असतानाच जोडावी, सुरक्षा पिन आहेच. हा निर्णय कॅप्टन जॉन बेलिंग यांच्यापर्यंत पोचलाच नाही.

पिनेला लांब फीत असे. डेकवरचा जोराचा वारा ती फीत ओढी आणि पिन निसटे.

रॉकेट पेटवणाऱ्या यंत्रणेत, म्हणजे इग्नायटरमध्ये, बल्बातल्या तारेसारखी एक बारीक तार असते. वीज गेली की ती तापते आणि भोवतालची दारू पेट घेते. वीज वैमानिकाच्या बटणातून आली, स्थिर विद्युतेच्या ठिणगीतून आली की रडारच्या लहरींनी उघड्या वायरीत निर्माण केली, याने तारेला काहीच फरक पडत नाही. प्रवाह पुरेसा असला की झालं. रडार चालू असलेल्या डेकवर मोकळी लोंबणारी वायर आपोआप अँटेना बनते. म्हणूनच दोन अडसर ठेवले होते, जोडणी आणि पिन. एक चुकला तर दुसरा सांभाळील, हा त्यामागचा विचार. समितीने मात्र दुसऱ्याच्या भरवशावर पहिला काढला.

२८ जुलै, संध्याकाळ

टोंकिनच्या आखातात डायमंड हेड या दारूगोळा जहाजाने फॉरेस्टलला १,००० पौंडी जुने बॉम्ब दिले. आवरणं गंजलेली, आत जुनी ‘कॉम्पोझिशन बी’ दारू. शस्त्रास्त्र कर्मचारी ते हाताळायलाही बिचकत होते. बेलिंग यांनी बदली बॉम्ब मागितले, पण मिळाले नाहीत. खालच्या कोठारात ठेवणं धोक्याचं म्हणून ते उघड्या डेकवर रचले गेले. दुसऱ्या दिवशीच्या मोहिमेला बॉम्ब हवे होते, म्हणून ते परतही पाठवले नाहीत. माणसं धोका जाणून होती, तरी वेळापत्रक पुढे गेलं. मला हे सर्वांत जास्त बोचतं.

२९ जुलै, सकाळी १०:५० च्या सुमारास

लढाईतला पाचवा दिवस. अकराच्या उड्डाणासाठी डेकच्या मागच्या भागात विमानं इंधन आणि बॉम्बांनी लादून उभी होती. त्यांत एक एफ-४ फँटम होतं, पंखाखाली झुनी रॉकेटांचं नळकांडं घेऊन. पिगटेल जोडलेली होती. पिन जागेवर नव्हती.

वैमानिकाने बाहेरची वीज बंद करून विमानाची स्वतःची वीज चालू केली. त्या क्षणी वीजदाबात उसळी आली.

सकाळी १०:५१

रॉकेट सुटलं. सुमारे शंभर फूट अंतरावरच्या ए-४ स्कायहॉकच्या इंधनटाकीत ते घुसलं. त्याचं स्फोटक टोक फुटलं नाही. गरजही उरली नव्हती, कारण टाकी फाटून इंधन डेकवर पसरलं आणि भडकलं. जुने बॉम्ब विमानांवरून सुटून आगीत पडले. याच रांगेतल्या एका स्कायहॉकमध्ये पुढे सिनेटर झालेले जॉन मॅककेन होते. नाकाच्या इंधननळीवरून घसरत, खाली उडी टाकून ते वाचले.

त्यानंतरची ९४ सेकंदं

अग्निशमन पथकाचे प्रमुख जेराल्ड फॅरिअर हातातली अग्निशामक टाकी घेऊन आगीत पडलेल्या बॉम्बकडे धावले. अंगावर संरक्षक पोशाख नव्हता. नव्या बॉम्बना फुटायला साधारण दहा मिनिटं लागतात असं प्रशिक्षणात शिकवलं होतं. आवरण तडकून लालभडक होताना त्यांनी इतरांना मागे हटवायला सुरुवात केली. दीड मिनिटातच बॉम्ब फुटला. फॅरिअर आणि त्यांचं जवळजवळ सारं पथक गेलं. जहाजाकडे प्रशिक्षित आग विझवणारे जवळजवळ उरलेच नाहीत.

सकाळी ११ च्या आतबाहेर

एकामागून एक मोठे स्फोट झाले. पोलादी डेकला भोकं पडली आणि जळतं इंधन खालच्या मजल्यांवर ओतलं गेलं. तिथे रात्रपाळी करून सुमारे पन्नास जण झोपले होते. वर अननुभवी खलाशी पाण्याचे पाईप घेऊन झुंजले; त्यांच्या पाण्याने दुसऱ्यांनी पसरलेला फेस वाहून जात होता. अवघ्या काही फुटांवर आलेल्या रुपर्टस विनाशिकेने शेजारून पाण्याचा मारा चालू ठेवला. तिच्या अंतराचा विचार केला की अजून अंगावर काटा येतो, कारण फॉरेस्टलवर कुठला बॉम्ब केव्हा फुटेल हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

३० जुलै, पहाटे ४ च्या सुमारास

डेकवरची आग दुपारपर्यंत आटोक्यात आली होती, आतली पहाटेपर्यंत जळत राहिली. १३४ मृत, १६१ जखमी. एकवीस विमानं नष्ट.

पुढे

काही तांत्रिक लेखांत रॉकेट रडारच्या लहरींनी सुटलं असं लिहिलं गेलं. नौदलाच्या चौकशीचं म्हणणं मात्र वीजबदलाच्या वेळच्या उसळीचं होतं, आणि तेच पुराव्याला धरून वाटतं. लहरींचा धोका त्यामुळे कमी होत नाही. एखादं इग्नायटर एक अँपिअर प्रवाह आणि एक वॅट शक्ती पाच मिनिटं सोसूनही पेटता कामा नये, अशी कसोटी अमेरिकी लष्कराने घातली, ती भरकटलेल्या प्रत्येक विजेसाठी, मग ती वायरीतली असो की हवेतून आलेली. विमानवाहू नौकांच्या डेकवर पाण्याचे फवारे बसवले गेले. नॉरफोकच्या अग्निशमन शाळेला फॅरिअर यांचं नाव दिलं गेलं.