हजरतगंज : खाली दुकान, वर बिऱ्हाड

लखनौ म्हटले की मराठी माणसाला चिकनचे कपडे आणि 'पहले आप' आठवते. प्रशासनात रस असणाऱ्याने मात्र तेथील हजरतगंज जरूर पाहावे. दुकाने, कचेऱ्या आणि घरे एकत्र नांदवण्याच्या कल्पनेला आज 'मिश्र भूवापर' असे भारदस्त नाव मिळाले असले, तरी गिरगाव, लक्ष्मी रस्ता किंवा हजरतगंज यांना ती नवी नाही.

1842 साली गादीवर आलेल्या नवाब अमजद अली शाह यांच्या 'हजरत' या संबोधनावरून या गंजाला नाव मिळाले. त्यांची कबर असलेला सिब्तैनाबाद इमामबाडा येथेच आहे. 1857 च्या उठावानंतर कर्नल रॉबर्ट नेपियर यांच्या योजनेनुसार शहरातील दाट वस्ती पाडून रुंद रस्ते काढण्यात आले. हेतू लष्करी होता; फौजेला अडथळा नको होता. पुढे हजरतगंज विलायती धर्तीवर सजला आणि तेथे रमतगमत फिरण्याला लखनौकर 'गंजिंग' म्हणू लागले.

स्वातंत्र्यानंतरची कथा अधिक बोधप्रद आहे. उत्तर प्रदेशाच्या 1972 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूला संरक्षण दिले. परंतु अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला त्याची दुसरी बाजूही दिसते : भाडे गोठले की मालकाला जिना दुरुस्त करण्यातही स्वारस्य उरत नाही. 2010 मध्ये गंजाचे सुशोभीकरण झाले, दर्शनी भागांना एकसारखा रंग व एकसारख्या पाट्या मिळाल्या. नवा भाडे कायदा यायला मात्र 2021 उजाडले.

सप्टेंबर 2022 मध्ये याच परिसरातील एका हॉटेलला आग लागून चौघांचा मृत्यू झाला. चौकशीनंतर अनेक अधिकारी निलंबित झाले. मिश्र वापराचा खरा प्रश्न येथे आहे. एकाच इमारतीत झोपणारे, खरेदी करणारे आणि स्वयंपाक करणारे असतील, तर धोकेही एकत्र येतात. तपासणी करणारी खाती मात्र वेगवेगळी राहतात.

2025 च्या नव्या बांधकाम उपविधींनी उत्तर प्रदेशात रुंद रस्त्यांलगतच्या निवासी भूखंडांवर दुकाने व कचेऱ्यांना वाट करून दिली आहे. हे स्वागतार्ह आहे. जे लपूनछपून चालते, त्याची तपासणीही होत नाही. परंतु परवानगीबरोबर सुटकेचा दुसरा जिना आणि एकच जबाबदार अधिकारी, या दोन्ही गोष्टी कागदावर येणे आवश्यक आहे, असे माझे मत आहे.