हाताला काम, मनाला कोण?

१९१६ सालच्या एप्रिलात, २९ तारखेला, मेसोपोटेमियातील कूत येथे हिंदी लष्कराच्या सहाव्या डिव्हिजनला तुर्कांपुढे शरण जावे लागले. या डिव्हिजनचे नावच मुळी पुणे डिव्हिजन. तीत मराठा पलटणीही होत्या. जखमी शिपाई तर लढाई सुरू झाल्यापासून परत येतच होते. पाय गमावलेल्या कुणब्याच्या पोराने गावी जाऊन करायचे काय? नांगर धरायचा कसा? या विवंचनेतून लेडी विलिंग्डन यांनी १९१७ साली मुंबईत अपंग शिपायांसाठी क्वीन मेरी टेक्निकल स्कूल काढले. पुढे ते खडकीला आले आणि तिथेच रुजले.

शाळा म्हटली की आपल्याला पाटी-दप्तर आठवते. इथले विद्यार्थी मात्र मिशीवाले, मरण जवळून पाहिलेले. शिकायचे ते पोटापुरते कसब. पण मला वाटते, कसबापेक्षा शेजारचा सोबती मोलाचा. त्याचाही हात गेलेला; त्याला काही समजावून सांगावे लागत नसे.

मनाच्या जखमेला तेव्हा नावही धड नव्हते. विलायतेत डॉक्टर मायर्स यांनी १९१५ साली ‘शेल शॉक’ हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात छापला. आपल्या खेड्यात मात्र असा माणूस दचकून उठू लागला, की ‘बाहेरचं झालं’ म्हणत नि देवऋषी गाठत!

पलटणीत या कामाला माणूस असतो: पंडित, ग्रंथी, मौलवी किंवा पाद्री. हे केवळ पूजेअर्चेचे धनी नव्हेत. इस्पितळात आजाऱ्यांना भेटणे, बरे होऊ लागलेल्यांबरोबर प्रार्थना म्हणणे, शिक्षा भोगणाऱ्या शिपायाचीही विचारपूस करणे, ही त्यांची नेमून दिलेली कामे. या सर्व धर्मांच्या शिक्षकांना लष्कर आपल्या पुण्यातच, एका संस्थेत, एकत्र तयार करते. ही गोष्ट पुष्कळ पुणेकरांच्या गावीही नसते.

अडचण पुढेच आहे. पंडितजी पलटणीचे, शिपायाचे नाव पटावरून उतरले, की ती सोबत सुटते. कंबरेखाली लुळे झालेल्यांसाठी खडकीतच १९७४ साली पुनर्वसन केंद्र निघाले. तिथे जवान एकत्र राहतात, चाकांच्या खुर्चीवरून बास्केटबॉल खेळतात, तोंडात कुंचला धरून चित्रे काढतात. त्यांना सोबती तरी आहेत. पण धडधाकट शरीराने घरी परतलेला, तिशी-पस्तिशीत पुन्हा कॉलेजच्या बाकावर पोरांमध्ये बसणारा माजी सैनिक? पेन्शनच्या कागदासाठी त्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असते. ‘रात्री झोप लागते का रे?’ एवढे विचारायला तिथे पंडितजी नसतात.