सिन्नरची खडी आणि नाशिकचा पगार

नाशिक शहराला गोदावरीचें पाणी आहे. तेथून अवघ्या आठ-दहा कोसांवरील सिन्नर मात्र पिढ्यान्‌पिढ्या आभाळाकडे पाहत आलेलें. 1972 सालीं महाराष्ट्रांत पाऊस हुकला, तेव्हां शेतकरी आणि भूमिहीन मजूर एकाच खडीच्या ढिगाशीं येऊन बसले. 1973 च्या उन्हाळ्यांत राज्यभर दुष्काळी कामांवर जवळजवळ 50 लक्ष माणसें होतीं. ही मदत मोठी खरी. पण ती सरकारची मेहेरबानी होती, मजुराचा हक्क नव्हे.

हा भेद विधानपरिषदेचे सभापति वि. स. पागे यांनीं ओळखला. त्यांच्या कल्पनेंतून 1977 चा रोजगार हमी कायदा झाला व 26 जानेवारी 1979 पासून अमलांत आला. अर्ज केल्यापासून पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता. तोही दिवसाला निदान 1 रुपया!

पैशासाठीं 1975 सालीं नोकरदारांवर व व्यावसायिकांवर व्यवसायकर बसला होता. नाशिकरोडच्या मुद्रणालयांत किंवा ओझरच्या विमान-कारखान्यांत पगार घेणाऱ्याचे चार रुपये अशा रीतीनें दुष्काळी तालुक्यांतील बांधबंदिस्तीच्या खर्चाला हातभार लावूं लागले. सरकारनेंही तितकीच भर घालण्याचें पत्करलें.

अडचण तिजोरीपेक्षां कचेरींत अधिक होती. निरक्षर मजुरानें अर्जाची पोंच मागावी, हें त्याला सांगणार कोण? आणि पोंच नसेल तर पंधरा दिवस कोणत्या तारखेपासून मोजावयाचे? कायद्यांतला भत्ता त्यामुळें क्वचितच कोणाच्या हातीं पडला. 2005 सालीं केंद्रानें देशासाठीं रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हां पंधरा दिवसांची ती मुदत त्यांतही आली.