येडी बाभळ नेमकी कुठली?

मागच्या शनिवारी कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीला काळवीट बघायला गेलो होतो. अभयारण्य केवढंसं, तर जेमतेम 2.17 चौरस किलोमीटर. काळवीट भरपूर दिसले. पण मी दिसेल त्या काटेरी झाडाला 'बाभूळ, बाभूळ' म्हणत सुटलो होतो. शेवटी रस्त्याकडेला मेंढरं घेऊन बसलेले एक बाबा म्हणाले, "आवो, त्यो हिवर हाय. अन् ही तर येडी बाभळ. बाभळ तिकडं, बांधावर."

झालं! रविवार त्यातच गेला.

आधी ओळख करून घेऊ. बाभळीचं खोड काळपट, भेगाळलेलं. फुलं म्हणजे पिवळे धमक गोंडे, आणि शेंग राखाडी, मण्यांच्या माळेसारखी दोन बियांमध्ये दबलेली. हिवराची साल फिकट, पांढुरकी. गोंडे त्यालाही येतात, पण फिके आणि फांदीच्या टोकाला मोठ्या झुबक्यांनी. येडी बाभळ मात्र या दोघांच्या जवळच्या नात्यातली नाही. तिचं फूल गोंडा नसून लांबट तुरा असतो, शेंग जाड, पिवळसर आणि चवीला गोड. ती दसऱ्याच्या शमीची चुलत बहीण. आता शमी आणि ती कशी ओळखायची? शमीचे काटे गुलाबासारखे फांदीवर कुठेही विखुरलेले, येडीचे पानाच्या बेचक्यात, बहुतेक जोडीनं. फूल किंवा शेंग हाताशी असेल तर या गोष्टी पाच मिनिटांत जमतात.

खरी गंमत पुढे आहे. येडी बाभळ मूळची अमेरिका खंडातली. 1876 मध्ये मद्रास इलाख्यातले वनाधिकारी कर्नल बेडम यांनी तिचं बी मागवायचं सुचवलं, आणि 1877 मध्ये जमैकाहून आलेलं बी कडप्पा भागात पेरलं गेलं. हेतू चांगलाच होता. उजाड जमीन झाकायची, जळण मिळवायचं. 1940 मध्ये जोधपूर संस्थानानं तर तिला शाही वृक्ष ठरवलं. पुढे शेळ्यामेंढ्यांनी गोड शेंगा खाल्ल्या, लेंड्यांतून बी सगळीकडे टाकलं, आणि ती कुणाच्याच हातात राहिली नाही.

आता थिओडोर कुक या माणसाला भेटू. हा आयरिश सिव्हिल इंजिनिअर. रेल्वेच्या कामावर इकडे आला आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा, म्हणजे आजच्या सीओईपीचा, प्राचार्य झाला. (सीओईपीवाल्यांनो, कॉलर ताठ करा!) निवृत्तीनंतर त्यानं मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर मोठा ग्रंथ लिहिला, 1901 ते 1908 या काळात तो निघाला. त्यात त्यानं आपल्या देशी बाभळीच्या एका प्रकाराला लॅटिन नाव दिलं : 'व्हेडियाना'.

परत वाचा. व्हेडियाना. त्यात आपला 'वेडी' सरळ दिसतोय!

म्हणजे वेडी बाभूळ हे नाव आधी या पाहुणीचं नव्हतंच. दख्खनची माणसं देशी बाभळीतच तीन प्रकार करायची. तेलिया म्हणजे चांगल्या लाकडाची. रामकाठी म्हणजे खराट्यासारख्या सरळ वर जाणाऱ्या फांद्यांची. आणि तिसरी ही वेडी, किंवा कौडिया : खोड आखूड, फांद्या पसरट, लाकूड हलकं. बैलगाडी आणि औत बाभळीच्या लाकडावर चालत होते तेव्हा हा फरक पोटापाण्याचा होता. कामाला न येणारी ती वेडी, असंच असणार.

मग लोखंडी औतं आली, ट्रॅक्टर आले. लाकूड पारखायची गरज संपली. 'वेडी' हा शब्द रिकामाच होता, तो गावभर पसरलेल्या परदेशी झाडाला चिकटला. गुजरातीतही तिला गांडो बावळ, म्हणजे वेडी बाभूळच म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर पॉइंटर तोच राहिला, पण तो आता दुसऱ्याच ऑब्जेक्टकडे बोट दाखवतोय. आणि जुन्या ऑब्जेक्टकडे बोट दाखवणारं कुणी उरलं नाही.

यात बिघडलं काय? बिघडलं असं की जुन्या कागदात 'वेडी बाभूळ' वाचून आपण भलतंच झाड डोळ्यासमोर आणतो. शिवाय गवताळ रान मोकळं करायचं म्हणून 'बाभळी' काढा असं कुणी सांगितलं आणि कोयता हातात घेणाऱ्याला फरक माहीत नसला, तर हिवर आणि देशी बाभूळही त्याच ढिगात जातात. ती परत यायला कितीतरी वर्षं लागतात. येडी मात्र बुंध्यापासून पुन्हा फुटते.

लॅटिन नाव तरी पक्कं असेल म्हणावं, तर तेही नाही. 2005 मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत 'अकेशिया' हे नाव ऑस्ट्रेलियातल्या झाडांना दिलं गेलं आणि आपली बाभूळ झाली 'व्हॅचेलिया'. 2022 मध्ये येडीही 'प्रोसोपिस'मधून 'नेल्टुमा'त गेली. 2024 मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. नावं बदलतातच, त्याला इलाज नाही. फक्त बदलताना जुनं नाव कशाचं होतं, हे कुठेतरी नोंदलेलं असावं. बाभळीच्या बाबतीत ते काम एका इंजिनिअरनं करून ठेवलं.

त्या बाबांना मात्र यातलं काहीच वाचायची गरज नव्हती. त्यांना झाड दिसलं की नाव येत होतं. मला नाव येत होतं आणि झाड दिसत नव्हतं.