अडलेल्या फिल्मचा इतिहास

जुन्या कायद्यातील एखादे कलम आज निरर्थक भासले, तरी ते मुळात कोणत्या तंट्यातून निर्माण झाले याचा शोध घेतल्यावाचून ते मोडीत काढू नये, असा आमच्या वकिली व्यवसायातील एक जुना दंडक आहे. यंत्रांच्या बाबतीतही तो तितकाच खरा आहे. वाडवडिलांच्या कपाटात सापडलेला कॅमेरा कोणी हौसेने हाती घेतो. त्यात फिल्म बसत नाही, बसली तर सरकत नाही, सरकली तर बाहेर निघत नाही. आणि मग मनुष्य चावीवर जोर करतो. चावी तुटते हे नुकसान लहान. परंतु पुष्कळदा आत पन्नाससाठ वर्षांपूर्वी घेतलेली आणि कधीच न धुतलेली फिल्म असते, आणि झाकण उघडताच ती कायमची नष्ट होते. तिच्यावर जीर्णोद्धारापूर्वीचा एखादा सभामंडप असू शकतो, किंवा पालखीपुढे चालणारी, आज हयात नसलेली माणसे असू शकतात. म्हणून फिल्म भरण्या-काढण्याच्या अडचणी कोठून आल्या, याचा थोडा इतिहास येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

फिल्मच्या पूर्वी काचा होत्या. प्रत्येक काच अंधारात चौकटीत बसवावी, एक चित्र घ्यावे, पुन्हा अंधारात ती काढावी, असा तो व्याप होता. अमेरिकेतील रॉचेस्टर येथील जॉर्ज ईस्टमन याने १८८८ साली ‘कोडॅक’ कॅमेरा बाजारात आणला, तेव्हा या अडचणीचा त्याने मोठा चतुर निकाल लावला: ग्राहकाने फिल्म भरूच नये आणि काढूही नये! २५ डॉलरच्या त्या पेटीत १०० चित्रांची फिल्म कारखान्यातच भरलेली असे. ती संपली की सबंध कॅमेरा रॉचेस्टरला पाठवावयाचा. तेथे १० डॉलर घेऊन चित्रे तयार करीत व नवी फिल्म भरून कॅमेरा परत पाठवीत. कुलूप ग्राहकाचे आणि किल्ली मात्र कारखानदाराची, अशी ही व्यवस्था होती.

आरंभीची ती फिल्म कागदाच्या आधारावर होती. १८८९ साली ईस्टमनने पारदर्शक सेल्युलॉइडची फिल्म आणली. पण त्या शोधाच्या हक्काचा वाद पंचवीस वर्षे चालला. न्यूअर्क गावच्या हॅनिबल गुडविन नावाच्या धर्मोपदेशकाने १८८७ सालीच अशा फिल्मच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. बायबलातील प्रसंगांची चित्रे लोकांना दाखविण्यासाठी काचेहून सोयीचे काही असावे, हा त्याचा मूळ हेतू. पेटंट त्याला १८९८ साली मिळाले, आणि १९०० साली तो वारला. त्याचे हक्क पुढे ॲन्स्को कंपनीकडे गेले व तिने दावा चालविला. अखेर १९१४ साली वरिष्ठ न्यायालयाने तिच्या बाजूने निर्णय दिला आणि ईस्टमनच्या कंपनीस ५० लाख डॉलर मोजावे लागले. फिल्मच्या इतिहासात रसायनाइतकेच स्वामित्वाच्या भांडणालाही स्थान आहे, हे या खटल्यावरून दिसते. पुढील पुष्कळशा अडचणींचे मूळ तेथेच आहे.

किल्ली ग्राहकाच्या हाती खऱ्या अर्थाने आली ती बोस्टनच्या सॅम्युएल टर्नर याच्यामुळे. १८९२ साली त्याने फिल्मच्या पाठीला लांब काळा कागद जोडला, त्यावर चित्रांचे आकडे छापले आणि कॅमेऱ्याच्या पाठीला एक लहानशी तांबडी खिडकी ठेवली. कागदाची टोके फिल्मच्या पुढेमागे असल्यामुळे उजेडातही रीळ बसविता येऊ लागले आणि कितवे चित्र आले ते खिडकीतून दिसू लागले. ईस्टमनने या युक्तीचे मोल ओळखले व १८९५ साली टर्नरची कंपनीच विकत घेतली. पुढे १९०० साली एक डॉलरची ‘ब्राउनी’ पेटी आली आणि १९०१ साली ‘ब्राउनी क्रमांक २’ साठी जी फिल्म निघाली तिला कालांतराने १२० हा क्रमांक मिळाला. ती आजही तयार होते व विकली जाते.

या जातीच्या कॅमेऱ्यात फिल्म परत गुंडाळावयाची नसते. भरलेल्या रिळावरून ती रिकाम्या रिळावर जाते. भरलेले काढून घ्यावयाचे आणि रिकामे उरलेले पलीकडच्या खोबणीत बसवावयाचे. अडचणी येतात त्या ठराविकच. कागदाचे टोक रिळाच्या फटीत तिरके गेले तर तो एका बाजूस चढत जातो आणि मध्येच अडतो. म्हणून झाकण लावण्यापूर्वी एकदोन वेढे सरळ पडले आहेत ना, हे पाहावे. कागदाची आकडे छापलेली बाजू पाठीकडे, खिडकीच्या दिशेस असावी. ती उलटी झाली तर भिंग व फिल्म यांच्यामध्ये कागदच येतो. वेढे सैल पडल्यास कडेने उजेड शिरतो. असे रीळ सावलीत काढून लगेच गुंडाळून ठेवावे, परंतु ओढून घट्ट करू नये, कारण त्याने फिल्मवर ओरखडे उठतात. तांबड्या खिडकीचेही एक रहस्य आहे. टर्नरच्या काळातील फिल्मला तांबडा उजेड बाधत नसे. पुढे सर्व रंगांना संवेदनशील असलेल्या फिल्म आल्या, त्यांना तो बाधतो. यास्तव आकडा पाहण्यापुरतीच खिडकी उघडावी, एरव्ही झाकून ठेवावी. आमच्या मराठी वाचकांना परिचित असलेला, बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनविलेला ‘आग्फा क्लिक-३’ याच कुळातला. त्यातही १२० क्रमांकाचीच फिल्म लागते.

‘माझ्या जुन्या कोडॅकमध्ये १२० ची फिल्म शिरतच नाही,’ अशी तक्रार वारंवार ऐकू येते. तिचे मूळ १९३० नंतरच्या काळात आहे. कोडॅकने तेव्हा ६२० क्रमांकाची फिल्म काढली. फिल्मची रुंदी तीच, कागदही तसाच. केवळ रीळ धातूचे, बारीक दांड्याचे आणि लहान चकत्यांचे. कॅमेरे सडपातळ व्हावेत हे त्याचे एक कारण. परंतु ग्राहक एकाच कंपनीच्या फिल्मला बांधला गेला, हा त्याचा परिणाम कोणाही वकिलाच्या नजरेतून सुटणार नाही. १९९५ साली ६२० ची निर्मिती थांबली आणि उत्तम अवस्थेतील असंख्य कॅमेरे उपाशी राहिले. यावर उपाय आहे. ६२० ची दोन रिकामी रिळे जवळ ठेवून पूर्ण अंधारात १२० ची फिल्म प्रथम एकावर आणि मग दुसऱ्यावर गुंडाळावी, म्हणजे सुरुवातीचे टोक पुन्हा बाहेर येते. चिकटपट्टीपाशी फुगवटा आल्यास ती सोडवून पुन्हा सपाट चिकटवावी. जुन्या कॅमेऱ्यात उरलेले रिकामे रीळ कचरा म्हणून फेकू नये, ते याचसाठी.

दुसरे कुळ जर्मनीतले. वेत्स्लार येथील ऑस्कर बार्नाक याने चलच्चित्रांची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म लहान कॅमेऱ्यात वापरण्याची कल्पना काढली, आणि १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत ‘लायका’ लोकांपुढे आला. त्याची पाठ उघडत नाही; तळाचे झाकण काढून फिल्म खालून सरकवावी लागते. याकरिता फिल्मचे टोक सुमारे १० सेंटिमीटर लांब, अरुंद जिभेसारखे कापावे असा दंडक होता. पुढे १९३४ साली कोडॅकने तयार डबीतली १३५ क्रमांकाची फिल्म काढली. श्टुटगार्टच्या आउगुस्ट नागेल यांच्या कारखान्यातला ‘रेटिना’ कॅमेरा तिच्याबरोबरच आला. पाठ उघडणाऱ्या कॅमेऱ्यांना आखूड जीभ चालते, आणि आजची फिल्म तशीच कापलेली मिळते. ती तशीच जुन्या लायकात घातली की कड आत अडकते, भोके फाटतात, आणि क्वचित फिल्मचा कपचा शटरच्या पडद्यात जाऊन बसतो. दोष यंत्राचा नव्हे, फिल्मचाही नव्हे. दोन काळांच्या चालीरीती जुळत नाहीत एवढेच. कात्रीने जीभ लांब केली की तंटा मिटतो. फिल्म भरल्यावर पुढची चावी फिरविताना परत गुंडाळण्याची चावीही फिरते ना, हे पाहावे. ती फिरत नसेल तर फिल्म सरकतच नाही असे समजावे.

३५ मिलिमीटरच्या फिल्मला कागद नसतो. म्हणून ती डबीत परत गुंडाळल्याशिवाय कॅमेरा उघडता येत नाही, आणि बहुतेक अनर्थ येथेच होतात. आधी दाते मोकळे करणारी कळ दाबावी किंवा तरफ वळवावी लागते; ती विसरून जोर केला की भोके फाटतात. शेवटच्या चित्रानंतर नेट लावून ओढल्यास फिल्म डबीतील दांड्यापासून सुटते; मग चावी नुसतीच फिरते आणि फिल्म पलीकडेच राहते. अशा वेळी कॅमेरा अंधारातच उघडावा. १९५० नंतरच्या काही रेटिना कॅमेऱ्यांत आकडे उलटे, उतरत्या क्रमाने मोजले जातात आणि १ आला की तरफ मुद्दाम अडते. ही अडचण नसून सूचना आहे. आकडा पुढे सरकवण्याची कळ तेथेच असते. ती न पाहता तरफेवर बळ करणाऱ्यांनी आतील दाते मोडून घेतले आहेत.

१९६३ साली कोडॅकने ‘इन्स्टामॅटिक’ काढून हा सारा प्रश्नच मिटविला, असे तेव्हा सर्वांना वाटले. प्लास्टिकची बंद पेटी आत टाकावी, संपल्यावर काढावी; ना जीभ, ना परत गुंडाळणे. परंतु ती पेटी तयार होणे थांबले आणि त्याबरोबर ते कॅमेरेही मुके झाले. उलट ज्यात माणसाला थोडे शिकावे लागते, पण ज्याची रीत अनेक कारखान्यांनी उचलली, ती १२० व १३५ ची फिल्म अजून टिकून आहे. सोय ही जर एकाच घराच्या मालकीची असेल, तर ते घर बंद होताच ती गैरसोय होते, हा या इतिहासाचा निष्कर्ष आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

आता प्रस्तुत कर्तव्याकडे वळू. घरात अथवा देवस्थानाच्या सामानात जुना कॅमेरा सापडला, तर तो रिकामा आहे असे कधीही गृहीत धरू नये. तांबड्या खिडकीत आकडा दिसत असेल तर आत फिल्म आहे; चावी हलकेच फिरवीत कागद संपेपर्यंत जावे आणि मगच सावलीत उघडावे. खिडकी नसेल तर परत गुंडाळण्याची चावी बाणाच्या दिशेने अलगद फिरवून पाहावी. ताण जाणवला तर फिल्म आहे. काहीच हलत नसेल तर जोर न करता पूर्ण अंधार करावा, तांबडा दिवासुद्धा लावू नये, आणि जाणत्या माणसाच्या हातून कॅमेरा उघडवावा. निघालेली फिल्म उलगडू नये. कोरड्या, बंद डब्यात थंड जागी ठेवावी आणि अशा जुन्या फिल्म धुणाऱ्याकडे द्यावी. फिल्म रंगीत असली तरी निराश होऊ नये. कोडाक्रोमसारखी फिल्म रंगांत धुण्याची मूळ प्रक्रिया २०१० च्या अखेरीस बंद पडली, तरी कृष्णधवल रीतीने तिच्यावरील चित्र पुष्कळदा हाती येते.

न्यायालयात पुरावा एकदा नष्ट झाला की कितीही युक्तिवाद केला तरी तो परत येत नाही. आपल्या गावांचे उत्सव, देवालयांची जुनी रूपे आणि पूर्वजांचे चेहरे यांचा थोडासा पुरावा अशा पेट्यांतून अजून अंधारात पडून आहे. त्याला उजेडात आणणे हे आपले काम. मात्र तो उजेड योग्य वेळी आणि योग्य क्रमाने पडावयास हवा.