पोर्टुस : जमिनीखालचे बंदर

प्राचीन रोम नगरी समुद्रापलीकडच्या धान्यावर जगत होती. इजिप्त व उत्तर आफ्रिकेचा गहू उतरवून घेण्यासाठी सम्राट क्लॉडियसने इ. स. ४२ मध्ये टायबर नदीच्या मुखाच्या उत्तरेस नवे बंदर बांधावयास घेतले. तेच पोर्टुस. इ. स. ६२ च्या वादळात या बंदराच्या आतच सुमारे दोनशे गलबते नष्ट झाल्याचे इतिहासकार टॅसिटस नमूद करतो. पुढे सम्राट ट्राजनने षट्कोनी गोदी खणविली. नदीच्या गाळाने आता समुद्र दूर लोटला आहे. ती गोदी तळ्याच्या रूपाने उरली आहे. बाकीचे बंदर बहुतांशी मातीखाली आहे.

कुदळ न मारता ते पाहावयाचे कसे? १९९८ पासून सायमन की व मार्टिन मिलेट यांच्या पथकाने चुंबकमापक यंत्र घेऊन हे रान सरळ रेषांत पायी पिंजून काढले. भाजलेल्या विटांपाशी आणि बुजलेल्या चरांवर पृथ्वीचे चुंबकत्व किंचित बदलते. अशा असंख्य नोंदी ओळीने मांडल्या की भिंती, रस्ते आणि कालवे कागदावर उमटू लागतात. मात्र एखादी भिंत कोणत्या शतकातली, हे यंत्र सांगत नाही. त्यासाठी खोदावेच लागते.

शेजारचे ऑस्टिया शहर टायबरच्या दक्षिण तीरावरच संपते, असा समज होता. अशाच पाहणीतून नदीच्या उत्तरेसही त्याची तटबंदी व मोठी गोदामे असल्याचे २०१४ साली जाहीर झाले.

आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांना गोदाम म्हटले की आधी पाठीवरचे पोते आठवते. रोमच्या बंदरातल्या हमालांना 'सक्कारी' म्हणत. त्यांचा संघ होता. पोर्टुसला आलेला माल त्यांच्याच हातून वाहिला जावा, असे इ. स. ३६४ च्या शाही आज्ञेने ठरविले. महाराष्ट्रात हमालांच्या कामाचे नियमन करणारा माथाडी कायदा झाला तो १९६९ साली. दोन्ही कायदे सारखे, असे आम्ही म्हणत नाही. परंतु ओझे कोणी व कोणत्या नियमाने उचलावे, हा तंटा किती जुना आहे ते यावरून ध्यानात येते.

बंदराला नावे मिळाली ती सम्राटांची. यंत्राला सम्राट ओळखता येत नाही. त्याला गोदामाची लांबीरुंदी तेवढी कळते. तीवरून धान्याचा अदमास निघतो, आणि धान्यावरून खांद्यांचा. हा दुसरा हिशेबही इतिहासाच्या पुस्तकात आला पाहिजे, एवढीच आमची मागणी आहे.